वाट्याला आलेला गोठा : घर करण्याआधी वर बघा

शेत मोजून वाटता येते, घर तसे वाटता येत नाही. दोन भाऊ वेगळे झाले की बहुधा थोरल्याकडे जुने घर राहते आणि धाकट्याच्या वाट्याला गोठा, पुढचे अंगण आणि कडेचा उकिरडा येतो. पूर्वी त्यात फारसे वावगे नव्हते. गोठ्यात बैल असत आणि नवे घर उभे राहीपर्यंत धाकटा थोरल्याच्याच ओसरीवर निजे. आता गोठाच मोकळा आहे. नांगरट, पेरणी, मळणी सगळे यंत्रावर आले. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील देशी गोवंश २०१२ च्या मानाने सुमारे सहा टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे. आपला लातूर भाग म्हणजे देवणी आणि लाल कंधारीचा मुलूख. पण गावातून एक फेरी मारली तरी किती दावणी रिकाम्या आहेत ते दिसते.

मग साहजिकच मनात येते, चार भिंती उभ्या आहेत, वर छप्पर आहे, पाच खण जागा आहे, थोडे पैसे घालून इथेच राहायला का जाऊ नये? विचार चुकीचा नाही. पायापासून नवे बांधायचे तर वाळू, सळई, मजुरी कशालाच हात लावता येत नाही. माझ्याकडच्या गावांत असे काही गोठे घर झालेले मी पाहिले आहेत. मी कृषी खात्याचा माणूस, गवंडीही नाही आणि अभियंताही नाही, पण बियाण्याच्या चौकशीला आलेला शेतकरी जाता जाता गोठ्याचाही विषय काढतो, आणि प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो : "साहेब, खाली शहाबादी घालू का टाइल्स?" फरशी ही या कामातली शेवटची गोष्ट आहे. पहिल्यांदा मान वर करून बघायचे असते.

औसा तालुक्यातील एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. गाव आणि नाव देत नाही, वाटणी अजून ताजी आहे. नवरा-बायको, दोन शाळकरी मुले आणि वृद्ध आई. वाट्याला आलेला गोठा तीस फूट लांब, सोळा फूट रुंद. दगड-मातीच्या दोन फुटी भिंती. पाचपैकी तीन खणांवर माळवद, उरलेल्या दोन खणांवर जुने पत्रे. हाताशी सोयाबीनचे आणि नातेवाइकांकडून घेतलेले मिळून साडेतीन लाख. गवंड्याने दिलेला अंदाज असा होता : आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा, खाली टाइल्स, दोन खिडक्या, मधे एक भिंत आणि रंग. माळवदाला हात लावायचा नाही, वर फक्त प्लास्टिकचा कागद आणि मातीचा एक थर. बहुतेक ठिकाणी हाच अंदाज निघतो. तो जसाच्या तसा घेतला असता तर पैसे संपले असते आणि धोका तसाच डोक्यावर राहिला असता.

माळवदाचे वजन

माळवदाची चव ज्याने चैत्र-वैशाखात घेतली आहे त्याला त्याबद्दल वाईट बोलावेसे वाटणार नाही. बाहेर बेचाळीस अंश तापमान असताना आत रांजणातल्यासारखा गारवा. पण हा गारवा मातीच्या जाडीतून येतो आणि जाडी म्हणजे ओझे. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला पांढऱ्या मातीचा एक थर टाकायचा, हा रिवाज. जुना थर कोणी काढत नाही. आजोबांच्या वेळी वीतभर असलेली माती नातवाच्या वेळी दीड-दोन फूट होते.

वजनाचा हिशेब कोणालाही घरी करता येईल. माळवदात एके ठिकाणी पहार घालून जाडी मोजा. लांबी, रुंदी आणि जाडी फुटांत घेऊन गुणाकार करा. एक घनफूट कोरड्या मातीचे वजन साधारण ४५ किलो धरा. वरील गोठ्यात तीन खण म्हणजे अठरा बाय सोळा फूट, माती दीड फूट. गुणाकार ४३२ घनफूट. वजन साडेएकोणीस टनांच्या आसपास. म्हणजे ट्रॅक्टरच्या दोन्ही ट्रॉल्या शिगोशीग ऊस भरून मुलांच्या अंथरुणावर टांगून ठेवल्यासारखे. ही झाली कोरडी माती, आर्द्रा-पुनर्वसूत भिजल्यावर वजन आणखी वाढते.

हा आकडा सांगितल्यावर घरमालक थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "पण साहेब, भिंती दोन फुटाच्या हायत. तोफंनं बी न्हाई पडायच्या." आई दारात बसून ऐकत होत्या. त्या किल्लारीकडच्या. १९९३ साली त्यांचे माहेर गेले. त्या एवढेच म्हणाल्या, "म्या न्हाई त्या माळवदाखाली निजत. पत्र्यात भाजन, पण तितं न्हाई."

ज्यांचा जन्म त्यानंतरचा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले, दमलेली माणसे घरात गाढ झोपेत. सुमारे आठ हजार माणसे गेली. धक्का जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यम होता. त्याआधी हा भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात धरला जात असे. २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या पट्ट्यात घेतला गेला. बहुतेक माणसे दगड-मातीच्या भिंती आणि त्यावरचे माळवद अंगावर येऊन गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, आणि त्यापलीकडच्या अनेक जिल्ह्यांत लाखाहून अधिक घरांची जागेवरच दुरुस्ती व मजबुतीकरण झाले. त्या कामात घरांकडे लक्ष गेले. गोठे मात्र बहुतेक ठिकाणी होते तसेच राहिले, कारण तिथे माणसे निजत नव्हती. आज आपण तेच गोठे निजायला घेत आहोत, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे.

भिंत एक दिसते, असतात दोन

दोन फुटी भिंतीचा भरवसा का धरू नये, ते तिचा एक कोपरा उकलला की कळते. बाहेरून घडीव दगडाची एक रांग, आतून दुसरी रांग, आणि मधल्या पोकळीत चिपा, गोटे व माती. दोन्ही रांगा एकमेकींना धरून ठेवणारा, भिंतीच्या पूर्ण रुंदीचा आरपार दगड पूर्वीचे चांगले गवंडी ठरावीक अंतराने घालत. घराच्या भिंतीत तो कधी कधी सापडतो. गोठ्याच्या भिंतीत क्वचितच. हादरा बसला, किंवा पाणी मुरून मधली माती फुगली, की दोन्ही रांगा एकमेकींपासून सुटतात आणि फुगीर पोटासारखी भिंत बाहेर येते. भिंतीला डोळा लावून कडेने पाहिले तर हे पोट दिसते. सुतळीला दगड बांधून ओळंबा सोडलात तर अधिक चांगले.

किल्लारीनंतरच्या दुरुस्तीत यावर जो इलाज झाला तो आजही गावातल्या गवंड्याला करता येण्यासारखा आहे. भिंतीतील एक-एक दगड हलक्या हाताने सोडवून तळहाताएवढे आरपार भोक करायचे, त्यात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट ठासायचे. असे बंध साधारण तीन-तीन फुटांवर, एकाखाली एक न घेता, आडवे-उभे चकवून. एका दिवशी भिंतीत शेजारी-शेजारी भोके पाडायची नाहीत. त्यानंतर दाराच्या चौकटीच्या वरच्या पातळीत सगळ्या भिंतींना आतून-बाहेरून वेल्ड केलेल्या जाळीचा पट्टा मारून त्यावर सिमेंटचा गिलावा. हा पट्टा कोपऱ्यावर तुटता कामा नये, पोत्याच्या तोंडाला दोरी बांधतो तसा तो अख्ख्या घराला बांधलेला असला पाहिजे. भारतीय मानक संस्थेची अशा दगड-मातीच्या बांधकामासाठी १९९३ सालची वेगळी पुस्तिका आहे, क्रमांक १३८२८. पंचायत समितीच्या बांधकाम विभागातील अभियंत्याला क्रमांक सांगितला तर त्यांना विषय लगेच कळतो. एकदा त्यांना जागेवर आणाच. चहापाण्याच्या खर्चात मोठा खर्च वाचतो.

माळवदाचे दोन मार्ग आहेत. तुळया, खांब आणि वरची फळी चांगली असेल तर माती वीतभर, म्हणजे आठ इंचांपर्यंत खाली आणावी आणि खांब-तुळईच्या सांध्यांना तिरपे टेकू मारून ते आवळावेत. वरच्या गोठ्याच्या हिशेबाने वजन साडेएकोणीसवरून साडेआठ टनांवर येते. दुसरा मार्ग माळवद पूर्ण उतरवून पत्रा घालण्याचा. कोणता घ्यायचा हे लाकूड ठरवते. गोठ्याच्या खांबांची बुडे वर्षानुवर्षे मूत आणि शेणात उभी असतात. वरून खांब सागवानी आणि तुळतुळीत दिसतो, पण बुडाला विळ्याचे टोक टोचले की ते लोण्यात गेल्यासारखे आत जाते. या गोठ्यात आठपैकी पाच खांबांचे असेच होते. तेव्हा माळवद उतरवायचे ठरले. त्या दिवशी आईंनी चहात साखर जास्त घातली होती.

उतरवतानाही पद्धत आहे. एका बाजूची माती पूर्ण काढून दुसरी तशीच ठेवली तर तोल जातो, म्हणून दोन्ही बाजूंनी सारखा थर काढत यावे. खाली आधी टेकू द्यावेत. खाली कोणी उभे राहू नये, पोरे तर अंगणातही नकोत.

उंचीचा हिशेब

आता एक अशी गोष्ट, जी सगळ्यांच्या लक्षात काम निम्मे झाल्यावर येते. गोठ्याला जोते नसते. जनावर सहज आत जावे म्हणून जमीन अंगणाच्या बरोबरीने किंवा थोडी खालीच असते. त्यात अलीकडे गावागावांत सिमेंटचे रस्ते झाले आणि प्रत्येक रस्ता जुन्या घरांपेक्षा उंच झाला. या गोठ्यात जमीन रस्त्यापेक्षा नऊ इंच खाली होती. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून घराची जमीन रस्त्याच्या किमान एक फूट वर हवी. म्हणजे भर एक फूट नऊ इंच. आता वळचणीकडची उंची होती पावणेआठ फूट. वजा करा. सहा फूट राहतात. पंखा लावायचा कुठे? घरमालकांचा थोरला मुलगा नववीत आहे आणि आताच बापाच्या कानाला लागतो.

हे काम कागदावर करायला पैसे पडत नाहीत, गिलावा झाल्यावर करायला फार पडतात. उपाय काय? जुन्या दगड-मातीच्या भिंतीवर आणखी दोन फूट बांधून छप्पर उचलणे हा सगळ्यांत सोपा वाटणारा आणि सगळ्यांत वाईट उपाय. त्याऐवजी छप्पर भिंतीवर ठेवूच नये. भिंतीच्या आतून लोखंडी पाइपचे स्वतंत्र खांब उभे करावेत, पत्रा त्यांच्यावर घ्यावा, आणि भिंत फक्त आडोशाला ठेवावी. खांबांना आपसात आडव्या आणि तिरप्या पाइपने जखडावे. भिंतीच्या माथ्यापासून पत्र्यापर्यंतची दीड-दोन फुटांची जागा विटांनी भरू नये. काही भाग पत्रा, काही भाग जाळी. तिथून गरम हवा निघून जाते.

खांबांचे खड्डे मुरूम लागेपर्यंत न्यायचे. आपल्या काळ्या जमिनीचा स्वभाव शेतकऱ्याला सांगायला नको : पावसात फुगते, उन्हात हात जाईल एवढी भेगाळते. त्यावर उभा केलेला खांब दरवर्षी हलणार. जुन्या उकिरड्याच्या जागेवर तर खांब किंवा भिंत चुकूनही नको. तिथली भरणी वर्षानुवर्षे कुजत खाली बसत असते. उकिरडा कुठपर्यंत होता ते म्हाताऱ्या माणसांना विचारावे, खुणा बुजलेल्या असतात.

पत्रा हूक-बोल्टने आवळावा. त्यावर दगड ठेवण्याची आपल्याकडे खोड आहे. एप्रिल-मेच्या वावटळीत पत्रा उडतो आणि दगड घरात येतो. उन्हाचा ताव कमी करायला वरून चुन्याचा पांढरा हात आणि आतून तुराट्यांचा किंवा बांबूच्या तट्ट्याचा माळा करून त्याला खालून मातीचा पातळ लेप द्यावा. माळवदाचा गारवा येणार नाही हे कबूल, पण दुपारी आत बसवेल.

गोठ्याच्या जमिनीतला खार

इथे मात्र माझा विषय येतो. जनावराच्या मूत्रातला युरिया मातीत मुरला की त्याचा आधी अमोनिया होतो आणि मग नायट्रेटचे क्षार. चाळीस-पन्नास वर्षांच्या गोठ्याची वरची फूट-दीड फूट माती या क्षारांनी भरलेली असते. बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा पूर्वी देशात अशाच मातीतून धुऊन काढत. हा क्षार ओलीबरोबर भिंतीत चढतो, पृष्ठभागावर येऊन वाळतो आणि फुलतो. खार फुटला, लोणा लागला, असे आपण म्हणतो ते हेच. त्यावर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते, क्षार गिलाव्याच्या मागून किंवा वरच्या कडेतून बाहेर येतो आणि एक-दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटू लागतात. मग रंगवाल्याला शिव्या बसतात. त्याचा काही दोष नसतो.

म्हणून आधी जमीन दीड फूट खणून काढावी. ही माती फेकू नये, ती शेताची आहे. माळवदाची पांढरी माती आणि गोठ्याची खालची माती दोन्ही उन्हाळी नांगरटीनंतर शेतात पातळ पसरावी. ढीग करून एका जागी टाकू नये, झाडाच्या बुंध्याशी तर नाहीच, क्षार जास्त असतात. शंका असेल तर माती परीक्षणाला एक नमुना द्यावा. या गोठ्यातून सहा ट्रॉली माती निघाली आणि ती वाटणीत आलेल्या दीड एकराच्या हलक्या तुकड्यावर गेली. घर बांधताना शेताला खत मिळाल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

खणलेल्या जागी आधी दगडाची सोलिंग, वर जाड खडीचा थर, मग मुरूम ठोकून, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद आणि कोबा. खडीतून ओल वर चढत नाही, ती मातीतून चढते, म्हणून खडीवर पैसे वाचवू नयेत. भिंतीच्या आतल्या बाजूला खालच्या तीन फुटांत सांध्यातली खारवलेली माती दोन-दोन इंच खरवडून काढावी, उन्हाळाभर उघडी वाळू द्यावी, मग चुन्याच्या मसाल्याने सांधे भरून चुन्याचाच गिलावा करावा. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. चुन्याचे काम येणारा गवंडी शोधावा लागतो, पण निलंगा-औसा भागात जुने कारागीर अजून आहेत. फरशी मग कोणतीही घाला. शहाबादी स्वस्त पडते आणि तुटली तर बदलता येते.

सांधे भरण्याचे आणखी एक कारण आहे. गोठ्याच्या भिंतीच्या भेगांत गोचीड महिनोन्‌महिने उपाशी राहू शकते. त्याहून वाईट म्हणजे वाळूमाशी, जिला आरोग्य खात्याचे लोक सँडफ्लाय म्हणतात. डासापेक्षा लहान, उड्या मारल्यासारखी उडणारी. ती मातीच्या भेगा आणि शेणाच्या ओलाव्यात वाढते. चांदीपुरा नावाचा ताप तिच्यामुळे पसरतो. हे नाव आपल्याच राज्यातल्या नागपूर जिल्ह्यातील गावाचे, १९६५ साली तो विषाणू तिथे प्रथम सापडला. २००३ मध्ये आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात त्याची साथ आली होती आणि २०२४ मध्ये गुजरातेत लहान मुले दगावली. मेंदूला सूज आणणारा हा आजार पंधरा वर्षांखालील मुलांना होतो. तेव्हा गोठा मोकळा असतानाच आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने भिंतींची फवारणी करून घ्यावी, आठ-पंधरा दिवस बंद ठेवावा आणि मग भेगा बुजवाव्यात. भेगा उघड्या ठेवून वरून रंग देणे म्हणजे किडीला घर बांधून देणे.

चूल, उजेड आणि वायर

वहिनींनी पहिल्या दिवशीच विचारले होते, "चूल कुठं मांडायची ते आधी सांगा, मग बाकीचं." प्रश्न बरोबर होता, गोठ्याला दार एक आणि वर दोन झरोके. गॅस असला तरी पाणी तापवायला, भाकरीला चूल पेटतेच. म्हणून स्वयंपाकघर टोकाच्या खणात, बाहेरच्या भिंतीला, खिडकी आणि वर धुराडे. जुन्या भिंतीत खिडकी फोडताना ती कोपऱ्यापासून निदान दोन फूट दूर ठेवावी, आधी वरच्या बाजूला टेकू द्यावा, आणि चौकटीवरचे बीम दोन्हीकडे भिंतीत फूटभर आत जावे. एका भिंतीतल्या सगळ्या दार-खिडक्यांची रुंदी मिळून लांबीच्या एक-तृतीयांशाच्या आत राहिली तर बरे. मोठ्या खिडकीचा मोह आवरावा, उजेडासाठी माळ्याच्या वरची जाळी आणि एखादा पारदर्शक पत्रा पुरतो.

कडब्याची गंजी गोठ्याला टेकलेली असते, ती हलवावी. पंपाच्या लाइनवरून आकडा टाकून आणलेली वायर असेल तर ती पत्र्याच्या घरात यमदूत आहे. महावितरणकडून रीतसर घरगुती मीटर, चांगले अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच. पाइपच्या खांबांचे घर असल्याने हे टाळण्याजोगे नाही.

शौचालयाचे दोन शोषखड्डे भिंतीच्या पायाला लागून घेऊ नयेत आणि विहीर वा बोअरपासून पन्नास फूट तरी दूर असावेत. गाळाचा उपसा आलटून पालटून करता येतो, हाच दोन खड्ड्यांचा अर्थ. एकच मोठा हौद बांधून नाली रस्त्यावर सोडणारे महाभाग प्रत्येक गावात आहेत, त्यांचे अनुकरण नको.

कागद

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, हे पान वाचतात म्हणून हे जरा सविस्तर. गोठा गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये तो कोणाच्या नावावर आणि कोणत्या वर्णनाने आहे ते आधी पाहावे. बऱ्याच ठिकाणी तो आजही आजोबांच्या नावावर असतो आणि वर्णनात "गोठा, कच्चा" एवढेच. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नाही. भावांनी तोंडी वाटणी केली असेल तर ती लेखी आणि नोंदणीकृत करून घ्यावी, हद्द पायाने नव्हे टेपने मोजून, सांडपाणी आणि येण्या-जाण्याच्या वाटेसकट. साडेतीन लाख घातल्यावर वहिवाटीचा वाद निघाला तर भाऊ, पैसे आणि घर तिन्ही जातात. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी सुरू झाली. आपल्या गावची मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रकावरचे नाव आणि क्षेत्र तपासावे. बांधकामाला ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ नुसार परवानगी लागते, दुरुस्ती म्हणून ती टाळू नये.

गोठा शेतात असेल तर गोष्ट वेगळी. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात शेतघराची जी व्याख्या आहे तीत अवजारे, चारा, धान्य आणि जनावरे यांच्याबरोबर जमीनधारकाच्या कुटुंबाचे राहणेही धरलेले आहे. पण त्याला क्षेत्र आणि बांधकामाच्या मर्यादा आहेत. त्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तलाठ्याकडे, आपल्या गट क्रमांकासाठी विचारून घ्याव्यात.

घरकुलाच्या यादीत नाव असलेल्यांनी मात्र थांबून विचार करावा. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ साली सुरू झाली तेव्हा मैदानी भागासाठी १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटर घर असा निकष ठरला. हे पैसे नव्या बांधकामासाठी आहेत, जुन्या गोठ्याच्या डागडुजीसाठी नाहीत. नाव यादीत असताना गोठ्याला पक्के रूप दिले तर पाहणीत अडचण येऊ शकते. अशांनी माळवद आणि भिंती उतरवून, दगड पायाला वापरून, त्याच जागेवर घरकुल बांधणे जास्त फायद्याचे.

औशाच्या कुटुंबाचे नाव यादीत नव्हते. त्यांनी पैशांची मांडणी उलटी केली. छप्पर, खांब आणि भिंतीचे बंध यांना पहिले दोन लाख. जमिनीची खडी, चुना, वायर आणि शौचालय यांना पुढचे. टाइल्स या वर्षी नाहीत. मधली भिंत विटांची न घेता तट्ट्याची, म्हणजे पुढे हलवता येईल. कामाचा क्रम हवामानाने ठरवला : माळवद उतरवणे आणि जमीन खणणे होळीच्या आत, भिंत एप्रिलभर वाळवायची, मृग निघण्यापूर्वी पत्रा, आणि गिलावा दिवाळीनंतर.

राहिली गाय. एक देवणी गाय आणि दोन शेळ्या वाटणीत आल्या आहेत. गोठ्याचे घर झाले तरी त्यांना गोठा हवाच, आणि तट्ट्यापलीकडच्या खणात त्या बांधायच्या असा घरमालकांचा बेत होता. वाळूमाशीचे ऐकल्यावर तो वहिनींनी मोडला. नवा निवारा अंगणाच्या पूर्वेला होईल, कारण पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो आणि वास व माश्या घरापासून दूर जातात. जुन्या माळवदाच्या तुळयांपैकी चार चांगल्या निघाल्या, त्या तिथे वापरायच्या.

सध्या माती उतरवून झाली आहे आणि खांबांचे खड्डे मुरमाला लागले आहेत. गाय तूर्त थोरल्याच्या ओसरीपुढे बांधलेली असते, आणि तिचे शेण कोणाच्या उकिरड्यात टाकायचे यावर दोन्ही वहिनींचे अजून ठरलेले नाही.